टापूवरचा पाचशे वर्षांचा देव

सौंसरकर मंडळी, आज दुपारी आईला घेऊन नदीतल्या टापूवर गेलो होतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की आम्ही दरवर्षी चालतच जातो.

या वेळी जांभळाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला. शेजारी बसलेला अनोळखी माणूस म्हणाला, "पाचशे वर्षं जुना देव हाय भाऊ, हात जोडा." मग तिथे टरबुजं लावणाऱ्या काकींना म्हणाला, "देवाची जागा हाय, टरबुजाची वाडी हटवा."

काकी म्हणाल्या, "लग्न होऊन आली तेव्हापासून इथंच टरबूज लावून राहिली. मले त हा कधी दिसला नाही बापा!"

आईने हात जोडले. मी मोबाइलमध्ये मागच्या उन्हाळ्याचा फोटो शोधला. त्याच जांभळाखाली आम्ही जेवतो आहोत. दगड नाही.

फक्त माझ्याकडचा फोटो दाखवला, तर तो माणूस खोटा ठरवेल. तुमच्याकडे त्या जांभळाचा जुना फोटो असेल, तर काकींची वाडी मोडायच्या आत टाकाल का?