रुतलेलं चाक

निशिकांत खांबेटेला एकदा बोलायला लावलं की संपलंच. सिंगापुरात तुआसच्या पंपांच्या कारखान्यात नवा माणूस आला, की हा त्याला आधी फाटकापाशी नेणार. फाटकावर मालकांच्या जर्मन गावाचं, हिंटरम्युलबाखचं, मानचिन्ह: निळ्या लाटा आणि त्यांतून वर आलेलं अर्धं चाक. मग काय, सुरू! म्हणे धान्याची गाडी ओढ्यात रुतली, अख्ख्या गावानं खांदा लावून ती काढली, तेव्हापासून हे गाव कुणाला चिखलात टाकून जात नाही. हे त्याला सांगितलं कुणी? कुणीच नाही. ट्रेनिंगला तिकडे गेला असताना मानचिन्ह पाहिलं, आणि आपल्या माणसाला चाक अर्धं दिसलं की ते रुतलेलंच वाटणार. विचारायचं कशाला?

यंदा कारखाना बंद होणार अशी कुणकुण लागली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, आधीच नाकारलेली. नोकरी गेली की कामाचा पास गेला, आणि मग बुकित पंजांगचा फ्लॅट, मुलाचं, आर्यनचं कॉलेज, सगळंच गुंडाळायचं. सामान आवरायला घेऊ या का, असं सविता म्हणाली तर हा बायकोवरच उखडला. निर्णय घ्यायला येणारी बाई मालकांच्या घरातली, त्याच गावची. ती कशी सोडून जाईल?

बाई आल्या. त्यानं त्यांना फाटकापाशीच गाठलं आणि जीव ओतून गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, चाक गाडीचं नव्हेच, पाणचक्कीचं आहे. खालचा भाग पाण्यात असतो, म्हणून अर्धं दिसतं.

"मग ती चक्की अजून चालते?" त्यानं विचारलं.

"छे. परवडेना, म्हणून माझ्या आजोबांनी बंद केली. लोकांना फार वाईट वाटलं. म्हणून मग गावानं चाक मानचिन्हात घेतलं."

कारखान्याचं काय, हे विचारायचं निशिकांतला धैर्यच होईना. बाईंनी मोबाइल काढला आणि त्याला फाटकाखाली उभं राहायला सांगितलं. तिकडच्या मुख्य ऑफिसात जुन्या आठवणींची एक भिंत आहे म्हणाल्या, तिथे तुमचा फोटो लावू.

तो उभा राहिला. सगळं संपलं हे त्याला कळलं होतं. तरी बाईंनी जरा हसा म्हटल्यावर तो हसला.