विहिरीच्या तळाशी दोघी

लग्न होऊन मी उल्हासनगरातून जांभूळ गावाच्या पलीकडच्या आमच्या वस्तीत आले, तेव्हा तिथल्या बायकांना माझ्या बोलण्याची गंमत वाटायची. मी सिंधी दुकानदारांच्या शेजारात वाढलेली. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरायचे, माझं मलाच कळायचं नाही. नवरा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. शिफ्टमुळे तिथंच मित्राच्या खोलीवर राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात सासूबाई आणि मी. त्या मुळातच कमी बोलणाऱ्या. दुपार मला खायला उठायची.

बोलायला माणूस भेटायचं ते विहिरीवर. तिथले लोक तिला बाव म्हणत. पूर्वी आमच्या माणसांना गावच्या विहिरीला हात लावता येत नसे. कुणी वरून पाणी घालील याची वाट बघत उभं राहायचं. धम्म स्वीकारल्यावर वस्तीनं आपली विहीर आपणच खणली. सासूबाईंचे सासरे त्यात पुढं होते. सासूबाई एरवी गप्प, पण विहिरीचा विषय निघाला की म्हणायच्या, "आपल्या मान्सांनी खनली ती. कोनाच्या बापाची नाय."

विहिरीवरच मला शेजारीण भेटली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. विहिरीला लागून तिचा भाजीचा तुकडा होता. काकडी, भेंडी, वाल काढून ती बदलापूर स्टेशनबाहेर विकायला बसायची. माझ्या बोलण्याला हसणाऱ्यांत ती पहिली, आणि हंडा डोक्यावर नीट बसवायला शिकवणारीही तीच.

मग वस्तीजवळच्या टेकाडाखालची जमीन एका बाटलीबंद पाण्याच्या कंपनीनं घेतली. कुंपण आलं, निळ्या पत्र्याची शेड आली आणि कुंपणाच्या आत एकामागून एक बोअर मारले गेले. सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं. वस्तीतल्या दोघा-तिघांना तिथं बाटल्या भरायचं काम लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा दोर पुरेना. आम्ही दोराला दोर बांधला. त्यानंतरच्या वर्षी होळीच्या आतच तळ दिसला. बाप्यांनी रविवारी उतरून पहारीनं गाळ काढला, खाली आणखी खणलं. कातळ लागला. त्याच्या एका चिरेतून बारीक झरा पाझरायचा, तेवढाच उरला.

त्या पाण्यासाठी खाली उतरावं लागे. भिंतीतल्या दगडांवर पाय ठेवत मी आणि शेजारीण उतरायचो. तळाशी खळग्यात पाणी साचेपर्यंत बसायचं, वाटीनं कळशीत भरायचं, पुन्हा बसायचं. वर आभाळाचा गोल दिसायचा. तिथं ऊन पोचत नव्हतं. आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो आणि ती बोलायची: तिच्या आईबद्दल, न जगलेल्या पहिल्या मुलीबद्दल, भाजीबद्दल. खरं सांगायचं तर त्या वस्तीत मी सगळ्यात सुखात होते ती त्या तळाशीच. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वर तिची भेंडी जळत होती.

एके सकाळी आम्ही सगळ्याजणी रिकामे हंडे घेऊन कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमन हिंदी बोलणारा, म्हणून बायकांनी मला पुढं ढकललं. "साहब को बुलाओ," मी म्हटलं, "नहीं तो हम यहीं बैठेंगे." साहेब स्वतः बाहेर आले. मराठी होते, नम्र होते.

"ताई, जागा आमची, बोअर आमचे, परवानगी सगळी आहे. यंदा पाऊसच कमी झाला."

सासूबाई मागून पुढं आल्या. "पाऊस तुमच्यावं पन तेवढाच पडला ना? मंग तुमच्या गाड्या भरून कशा जातात?"

साहेब आत गेले. त्यांनी प्रत्येकीसाठी बाटल्यांचा एक खोका पाठवला. सासूबाईंनी आपला खोका रस्त्यावरच ठेवला आणि त्या चालू लागल्या. मीही ठेवला. शेजारणीनं मात्र उचलला. तिच्या घरी तापानं फणफणलेला पोरगा होता. वाटभर ती आमच्या मागून चालत राहिली. संध्याकाळी ती आमच्या दारात आली आणि सासूबाईंना म्हणाली, "रागावलात का काकी?"

"नाय गं," सासूबाई म्हणाल्या. "पोराला पाज."

त्यानंतर अधूनमधून पंचायतीचा टँकर यायचा. त्याच्यावर घरं चालतात, भाजी नाही पिकत. माणसं हलायला लागली. कुणी अंबरनाथला गेलं, कुणी बदलापूर गावात भाड्यानं राहिलं. शेजारीण उल्हासनगरला निघाली. तिथं जीन्सच्या कारखान्यातलं काम तिच्या नवऱ्याच्या ओळखीनं मिळालं होतं. टेम्पोत सामान भरताना ती म्हणाली, "बघ बाय, मी तुझ्या माहेरी चालले, आन् तू माझ्या गावात राहा."

दुसऱ्या दिवशी मी एकटी विहिरीत उतरले. वाटीचा आवाज फार मोठा येत होता. पाठ टेकायला दगड होता, पण तो गार होता. कळशी अर्धी झाल्यावर मी वर आले. परत काही उतरले नाही. टँकरवरच भागवलं.

माहेरी गेले तेव्हा तिचा पत्ता शोधून काढला. एका गल्लीत, खोलीच्या दारात बसून ती जीन्सचे धागे कापत होती. बोटं निळी झाली होती. मला बघून हसली, पण हात थांबले नाहीत. माल संध्याकाळी न्यायला येणार होते.

"बावेला पानी आलं का?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यात येतं थोडं."

"मंग कायतरी लाव ना माझ्या तुकड्यात. पडून कशाला?"

मी हो म्हटलं. बोलायला पुष्कळ होतं, पण गल्लीतल्या शिलाई मशीनच्या आवाजात तिला ओरडून सांगावं लागत होतं. तळाशी जे ती पुटपुटत बोलायची, ते ओरडून कसं बोलणार? चहा घेऊन मी निघाले.

पुढं वस्तीपर्यंत नळयोजना आली. तोवर तिथं आमचं घर आणि एक म्हातारं जोडपं एवढंच उरलं होतं. नवऱ्यानं अंबरनाथला खोली बघितली, पण सासूबाई हलेनात, आणि त्यांना टाकून मला जाववलं नाही. नळाला पहिलं पाणी आलं त्या सकाळी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. धार बघितली, कुलपं लावलेली घरं बघितली.

"आता आलं," त्या म्हणाल्या. "प्यायला कोन हाय?"

मी घरातली सगळी भांडी भरली. मग नळ बंद केला, आणि आम्ही दोघी आत गेलो.