तात्या का थांबला

तात्या गाडी अनवाणी चालवायचा. ट्रॅक्टर असो की माझी जुनी जीप, चपला काढून सीटखाली सारायच्या आणि मगच किल्ली फिरवायची. "पायाला गाडी कळती. चप्पल घातली की चपलंला कळती, आपुन अडानीच," असं त्याचं म्हणणं. वय जेमतेम चोवीस, पण बोलणं इतकं पोक्त की शाळेपासून सगळे त्याला तात्याच म्हणायचे.

कळंबचा हा गडी हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढायचा. मी बारामतीत स्पेअर पार्ट विकतो. एकदा त्याने माझी जीप कऱ्हाटीच्या माळावरून अशी काढली की शेजारी बसून मी देवाचं नाव घेत होतो, आणि हा पठ्ठ्या शांतपणे सांगत होता, "पुढल्या उजव्या चाकात हवा कमी हाय." इंदापूरच्या बाजूला माळावर धुळीतल्या मोटारशर्यती भरायच्या. जीप माझी, हात त्याचे, असं ठरलं.

शर्यतवाले म्हणाले, बुटांशिवाय उतरू देणार नाही. तात्याने चुलत्याचे बूट आणले, एक नंबर मोठे. पुढे कापूस कोंबला आणि पहिल्याच शर्यतीत पहिला आला. बक्षीस घ्यायला गेला तो लंगडतच. दुसऱ्या शर्यतीतही पहिला. मग पुण्याच्या एका टीमचा माणूस मला भेटला. त्यांना पुढच्या हंगामासाठी ड्रायव्हर हवा होता. तिसरी शर्यत बघून ठरवू, म्हणाला. हे ऐकल्यापासून तात्या दोन दिवस धड जेवला नाही. "ऊस वढून वढून म्हातारा व्हायचं न्हाय मला," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या शर्यतीत गाड्या थोड्या थोड्या अंतराने सोडत होते. माझ्या घड्याळाप्रमाणे तात्याची वेळ सगळ्यांपेक्षा चांगली होती. शेवटच्या वळणावर त्याच्या पुढची गाडी उलटली. तात्याने जीप कडेला घेऊन थांबवली, बूट काढून फेकले, पळत गेला आणि आतल्या पोराला ओढून बाहेर काढलं. पोराला साधं खरचटलंही नव्हतं. झेंडेवाली माणसं पळत येतच होती. तात्या परत जीपमध्ये बसेपर्यंत शर्यत हातची गेली होती.

आमच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली की मागचे सगळे ट्रॅक्टर थांबतात. ऊस उतरवायचा, ट्रॉली सरळ करायची, ऊस परत भरून द्यायचा, मगच पुढे. कडेने निघून गेलेल्या माणसाशी कारखान्याच्या रांगेत कुणी बोलत नाही. तात्या अठराव्या वर्षापासून हेच करत आला होता. हे मला माहीत होतं, त्या पुण्याच्या माणसाला नव्हतं.

तो माझ्याकडे आला. लांबून, धुळीत त्याला जीप कडेला थांबलेली तेवढी दिसली होती. "तुमचा ड्रायव्हर थांबला का हो?"

माझं डोकं फिरलेलं. सहा महिने जिपेखाली लोळलो होतो मी. तोंडातून निघून गेलं, "भ्याला असेल."

त्याने मान हलवली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. मागे पळत जाऊन खरं सांगता आलं असतं. गेलो नाही.

तीन शर्यती, एवढीच तात्याची कारकीर्द. पुण्याच्या फोनची वाट त्याने वर्षभर पाहिली. "रेंज नसंल त्येंच्याकडं," म्हणायचा. पुण्यात म्हणे रेंज नसेल. मीही हो ला हो करायचो. मग तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला.

गेल्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. त्याने ती अंगावर काढली. बारामतीच्या दवाखान्यात मी त्याच्या उशाशी बसलो होतो. पाय नेहमीसारखे उघडेच, पांघरुणाबाहेर.

"गड्या, त्यो पुन्याचा मानूस तुला काय म्हनला हुता रं?"

"असा ड्रायव्हर बघितला न्हाय, म्हनला."

"का थांबला, इचारलं आसंल की."

"इचारलं. मी सांगितलं, गाडी उलटली की आमच्याकडं थांबत्यात."

त्याने डोळे मिटले. "बरं झालं. मला उगंच वाटायचं, तू म्हनला आसशील, भ्याला."

चौथ्या दिवशी तात्या गेला. मधले तीन दिवस मी रोज दवाखान्यात जात होतो, आणि रोज न सांगताच परत येत होतो.