ताजमहाल आणि बॉथेलचा ओटा

ताजमहाल बघायला गेलेली माणसं फोटो घेऊन परत येतात. माझा नवरा ओटा घेऊन आला. म्हणजे डोक्यात कल्पना घेऊन आला, दगड इथल्याच एका गोदामातला. इंडिया ट्रिपमध्ये आग्र्याला जेमतेम दोन तास काढले आणि इथे परदेशात, आमच्या बॉथेल गावी परतल्यावर साहेबांनी किचन रिमॉडेल करायला काढलं. मधोमध पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा आयलंड, म्हणजे चारही बाजूंनी मोकळा ओटा. दोन माणसं आरामात आडवी होतील एवढा.

आणि मग त्यावर स्वयंपाक करायचा नाही, असं ठरलं! हळदीचा डाग पडतो, लिंबाने दगड खराब होतो, तेल मुरतं. मग फोडणी कुठे? गराजमध्ये. गाडी बाहेर काढायची, दार अर्धं वर करायचं, आणि रिसायकलिंगच्या डब्याशेजारी फोल्डिंग टेबलावर विजेची शेगडी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या देशी घरांत हाच थाट आहे. लाखांनी पगार घेणारी माणसं जॅकेट घालून जिरं तडतडवतात, आणि आत पाहुण्यांना कोरडं किचन दाखवतात. मीही त्यातलीच. स्वतःला वेगळं काढणार नाही.

त्या नोव्हेंबरात आई नागपूरहून आली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या ग्रीन कार्डचे पेपर्स मी भरले होते आणि आता ती कायमची आमच्याकडे राहणार की नाही, हे तिच्या सहा महिन्यांच्या मुक्कामात ठरायचं होतं. ती यावी म्हणून मी दोन वर्षं फोनवर तिच्या मागे लागले होते. एकटी राहते म्हणून मला इथे झोप लागायची नाही.

चौथ्याच दिवशी तिने आयलंडवर थालीपिठं थापली. ओलं फडकं, हळद-तिखटाचं पीठ, शेजारी कापलेलं लिंबू. माझी आठ वर्षांची मुलगी दारातूनच किंचाळली, ‘आजी, नॉट ऑन द आयलंड!’ नवरा वरून धावत आला. ‘काही हरकत नाही हो आई,’ असं म्हणत म्हणत फोनचा टॉर्च लावून दगड तपासत बसला. खून झाल्यासारखा!

आई शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायची. ती शांतपणे म्हणाली, ‘ताजमहाल पिवळा पडला की मुलतानी मातीचा लेप देतात. तेच करू.’ इथल्या भारतीय दुकानातून पुडा आणून तिने लेप दिला. हळद पुष्कळशी फिकी झाली. लिंबाचा गोल वळ मात्र राहिला, कारण तिथे दगडच खाल्ला गेला होता. नवऱ्याने त्या वळावर फळांची टोपली ठेवली आणि आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

शनिवारी मित्रमंडळी जेवायला होती. आई गराजमध्ये स्वेटर, मोजे आणि बाबांची माकडटोपी घालून बटाटेवडे तळत होती. आत नवऱ्याचं व्याख्यान चालू. मकराण्याचा दगड, मिनार किंचित बाहेर झुकवलेले म्हणजे पडले तरी कबरीवर पडणार नाहीत, कमानीवरची अक्षरं वर वर मोठी होत जातात म्हणून खालून सारखी दिसतात. सगळं गाइडकडून ऐकलेलं, पण आव असा की नकाशा यानेच काढला. ‘काय प्रेम असेल यार बायकोवर!’ कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात आई वड्यांचं ताट घेऊन आत आली. ‘आईंना विचारा, हिस्टरी टीचर होत्या,’ नवरा म्हणाला.

‘काकू, सांगा ना काहीतरी,’ सगळे म्हणाले.

आईने ताट ठेवलं. ‘बेगम बुऱ्हाणपूरला वारली. चौदाव्या बाळंतपणात. बादशहा मोहिमेवर, आणि ही पोटुशी बाई त्याच्याबरोबर. ती जिवंत असताना तिला जरा स्वस्थ बसू दिलं असतं, तर एवढा दगड लागला नसता. आणि तो दगडही वरवरचा हं. आत विटा आहेत. घुमटाचा वरचा भाग पोकळ. लोक रांगा लावून बघतात त्या कबरीसुद्धा रिकाम्या. खऱ्या खाली आहेत, साध्या तळघरात. वडे गरम आहेत तोवर घ्या.’

कोणी हसलं, कोणी चटणी मागितली. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. बरं झालं, चांगली जिरवली, असं वाटलं. आई नवऱ्यालाच बोलली, अशी माझी खात्री होती. किती मूर्ख असावं माणसाने!

दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, ‘माझं तिकीट अलीकडचं करून दे. आणि ते ग्रीन कार्डचं राहू दे.’

‘आई, एका दगडासाठी?’ मी चिडलेच. ‘तो तसाच आहे गं, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी बोलते त्याच्याशी.’

‘जावईबापूंचं काय आहे त्यात? त्यांची हौस आहे, त्यांनी केली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.’ ती माझ्याकडे बघत होती. ‘मला गराजमध्ये कर म्हणून तू सांगितलंस.’

खरं होतं. थालीपिठांच्या दुसऱ्याच दिवशी, तिचा स्वेटर हातात देत, अगदी गोड आवाजात मी सांगितलं होतं. तिने तेव्हा ‘बरं’ म्हटलं होतं आणि मला हायसं वाटलं होतं, की चला, घरात कटकट नको.

आता तरी तिचे हात धरायला हवे होते. नको जाऊस म्हणायला हवं होतं, शेगडी उचलून त्या आयलंडच्या मधोमध आणून ठेवायला हवी होती. मी फोन उघडला आणि विचारलं, ‘कुठल्या तारखेचं बघू?’