पुन्हा फाटकापासून
मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. विषय होता आपणहून पळणारे सूक्ष्म कण. संगणकावर असा कण सोडला की तो वळत-वळत दूर निघून जातो. त्याला मधूनच, केव्हाही, उचलून सुरुवातीच्या जागी ठेवलं, तर जवळचा मुलूख तो नीट धुंडाळतो. फार वेळा ठेवलं, तर मात्र तिथेच घुटमळतो. किती वेळा ठेवावं, हेच मी तीन वर्षं शोधत होते.

सुट्टीत दिवेआगरला घरी आले होते. बाबांना काहीच आठवेनासं झालं होतं. एका दुपारी आई विहिरीवर होती, मी लॅपटॉपसमोर. बाबा फाटकातून निघून गेले. मला कळलंही नाही.

दादा मोटारसायकल काढून श्रीवर्धनच्या रस्त्याला लागला. मी किनाऱ्याकडे धावले. बरीच लांब गेले, तोच आईचा फोन. "परत ये गं. देवळापाशी कुणी बघितलंय म्हणे." तो दुसराच म्हातारा निघाला. पुन्हा किनाऱ्याकडे गेले, पुन्हा फोन. चौथ्यांदा फाटकात आले तेव्हा मी आईवर ओरडले, "सारखी बोलावू नकोस. लांब जाऊ दे मला."

"लांब कुठे जातील गं? गुडघे कुठे धड आहेत त्यांचे," म्हणत ती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

भरती चढत होती. वाळूत एक चप्पल दिसली होती. ती कुणाची हे मला ओळखता आलं नव्हतं, आणि आईला सांगायचं धाडस होत नव्हतं.

तेव्हा मला माझा अभ्यास आठवला असं नाही. लांब जायचा दम उरला नव्हता, म्हणून शेजारच्याच वाडीत शिरले. वादळाला वर्ष झालं होतं, तरी पडलेल्या पोफळी तशाच होत्या. वाटच नव्हती, म्हणून तिकडे कुणी बघितलं नव्हतं. बाबा दोन खोडांमध्ये अडकून बसले होते, घरापासून हाकेच्या अंतरावर. नडगी सोलून निघाली होती. कुणाला हाक मारायची, हेच त्यांना आठवत नव्हतं.

"तुम्ही कुणाकडच्या?" त्यांनी विचारलं.

"तुमची मुलगी आहे मी, बाबा."

"ती पुण्याला असते," ते म्हणाले. "तिला कळवू नका. अभ्यास असतो तिला."

मला त्यांना उचलता येईना. दादा येईपर्यंत मी तिथेच त्यांचा हात धरून बसले.

प्रबंध त्या वर्षी झाला नाही. बाबा त्यानंतर आणखी तीनदा निघून गेले.