हौदावरचा फेस

बेडकांच्या मागे लागलेल्या बाईला आमच्या एरंडोलकडच्या भावकीत काय म्हणावं ते अजून कुणाला सुचलेलं नाही, म्हणून सगळे नुसते हसतात. हसा बापडे. जळगावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. धाकट्या भावाच्या मळ्यातल्या हौदावर दोन जातींचे झाडबेडूक येतात. मागच्या पावसाळ्यात तिथे एक नर दिसला. अंगावरचे ठिपके एका जातीचे, आवाज दुसरीचा. संकर! प्रयोगशाळेत कुणी न घडवलेला, रानात आपसूक झालेला.

विभागातल्या सरांना फोटो दाखवला. म्हणाले, "मॅडम, ठिपके काय, उन्हानंही बदलतात." अहो, बेडूक आहे तो, खिडकीचा पडदा नाही! पण पुरावा हवा हे खरंच होतं. आईबाप जुळताना पाहिलेले हवेत आणि तपासायला त्यांची पिल्लं हवीत.

यंदा पोळ्याच्या आदल्या रविवारी पहाटे ते दिसले. एका जातीची मादी, पाठीवर दुसऱ्या जातीचा नर, हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या वीतभर वर. मादीनं मागच्या पायांनी घुसळून पांढरा फेस केला. अंडी त्या फेसातच असतात. काही दिवसांनी पिल्लं खाली पाण्यात टपकतात. मला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं. कॉलेजात रजा मागितली तर फोनवर "बेडकासाठी?" म्हणून विचारलं. झालं, निघावं लागलं. भावाला हौदाशी नेऊन बोट दाखवून सांगितलं, "इथे अंडी आहेत. कुणाला हात लावू देऊ नको." तो फोनवर कुणाशी तरी खतावरून भांडत होता. "हो अक्का, हो."

पोळ्याला पोचले. हल्ली आमच्याकडे बैलांबरोबर ट्रॅक्टरही सजतो, आणि त्याआधी शाम्पूनं धुतला जातो. हौदाची भिंत लख्ख!

"फेस कुठेय?" मी किंचाळले.

भाऊ हसतच आला. "काळजी करू नको अक्का. ट्रॅक्टरना शाम्पूना फेस उडीसन भिंतले लागेल व्हता. पाणीमा पडता ते तुना अंडा मरी जातात ना! बठ्ठा पुसीसन बांधवर फेकी उनू."

बेडकाची अंडी म्हणजे पाण्यात, हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत. हौदावर त्यानं मच्छरदाणी ताणली होती. भावजयीला धुणं घेऊन विहिरीवर पिटाळलं होतं. ट्रॅक्टरचं पाणीसुद्धा तिथूनच बादल्यांनी वाहिलं होतं.

त्यानं पुसून फेकलेला सगळा फेस बांधावर उन्हात वाळून गेला होता, मुंग्या लागल्या होत्या. असा संताप आला की कुणाला तरी धरून बदडावं. पण बदडायचं कुणाला? तो शाबासकीची वाट बघत उभा होता.

परवा त्याचा फोन आला. मच्छरदाणी अजून काढलेली नाही म्हणे. "अक्का, मी रोज देखस. पिल्लं काबरं निंघनात नही?"

"या वेळी नाही निघाली रे."

"मनं काही चुकनं का?"

"छे रे," मी म्हटलं, "तू तर जिवापाड जपलंस."