एका माणसाचा पास्ता

“मॅडम, तुमच्या पुड्यावरचं चारानं भागलं का ते फाटतंय.”

“काय फाटतंय? पाऊच?”

“पाऊच नाय हो, सॉस. दूद नासल्यासारखं. बाजूला लाल तेल, मधी चोथा. अकरा वेळा केलं. अकरा वेळा तसंच.”

एरवी तक्रारीचा फोन माझ्यापर्यंत येत नाही. पाऊच फुगला, सील उघडं होतं, असल्या गोष्टी कस्टमर केअरची मुलं हाताळतात. रेसिपीचं काही असलं की मला जोडून देतात, कारण नवी मुंबईत महाप्यातल्या आमच्या कंपनीच्या टेस्ट किचनमध्ये मी बसते. कंपनी सॉस आणि पेस्ट बनवते. पाऊचच्या मागे जी रेसिपी छापलेली असते, ती कोणीतरी आधी करून, मोजून, लिहून द्यावी लागते. ते काम माझं.

ही पेस्ट कोरियन होती. लाल मिरची, तांदूळ आणि सोयाबीन आंबवून कोरियात गोचुजांग नावाची घट्ट, गोडसर तिखट पेस्ट करतात, तसली. मागे माझी रेसिपी होती, पंधरा मिनिटांत क्रीमी पास्ता, चार जणांसाठी. बटरवर लसूण, त्यावर पेस्ट, पास्ता उकडलेलं पाणी घालून चार मिनिटं उकळायचं, मग क्रीम, मग पास्ता. सहा जणांच्या पॅनेलने चाखून पास केली होती.

फोन करणारे हिराजी म्हात्रे, जवळच्याच बोनकोडे गावचे. वय सत्तरीच्या पुढे. मी विचारलं, “काका, घरी किती माणसं?”

“मी एकटाच. म्हनून तर भागलं.”

मार्केटिंगच्या निखिलला सांगितलं, तर तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, “यूजर एरर आहे, मॅडम. नवीन पाऊच पाठवा, कम्प्लेंट क्लोज करा. शुक्रवारी नवीन आर्टवर्क प्रिंटला जातंय.” आर्टवर्क म्हणजे पाऊचवर छापायचा सगळा मजकूर. एकदा छापून आला की पुढचे कित्येक महिने तोच.

मी किचनमध्ये चार जणांचा पास्ता केला. उत्तम झाला. मग एकाचा केला, तोही बरा झाला. पण आमच्याकडे इंडक्शन आहे, उष्णता आकड्यावर लावता येते, भांडीही लहान-मोठी हवी तशी. अकरा वेळा करून बघणारा माणूस उगाच फोन करणार नाही, असं मला वाटत राहिलं. बुधवारी दुपारी त्यांना कळवून, रिक्षा करून मी बोनकोड्याला गेले.

तीन मजली इमारत त्यांची स्वतःची. वर भाडेकरू, खाली ते. दार त्यांनीच उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बहुतेक मी येणार म्हणून. स्वयंपाकघर मोठं, घासूनपुसून ठेवलेलं. फळीवर ओळीने टोप, सगळे दहा माणसांचे. गॅसशेजारी छोटा डिजिटल काटा. “वर पोरी र्‍हायच्या, आयटीवाल्या. त्यांनी एकदा पास्ता दिलेला. जाताना काटा नि तुमचा पुडा ठेवून गेल्या.”

“तुम्ही नेहमी करता तसा करा. मी फक्त बघणार,” मी म्हणाले आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

त्यांनी खरंच सगळं भागलं होतं. कॅलेंडरच्या पानामागे आकडे लिहिलेले. पास्ता काट्यावर तोलून उकडायला ठेवला. माझ्या रेसिपीत लसणाच्या सहा पाकळ्या होत्या, त्यांनी दीड घेतली. उरलेली अर्धी पाकळी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवली. एवढ्या इमानाने माझी रेसिपी आजवर कोणी केली नसेल.

मग त्यांनी मोठ्या बर्नरवर भली मोठी अॅल्युमिनियमची कढई ठेवली. लसूण, पेस्ट, पाव कप पाणी. पाणी कढईभर पसरलं आणि मिनिटाच्या आत आटलं. ते मात्र घड्याळाकडे बघत उभेच.

“काका, पाणी संपलं.”

“पुड्यावर चार मिनिटं हाय.”

“वेळ नाही भागला तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “वेळ कसा भागनार? चार मिनिटं म्हंजे चार मिनिटं.”

पेस्टमध्ये साखर असते. ती कढईला धरली, काळपट झाली. तेल सुटलं. त्यावर त्यांनी क्रीम ओतलं. चर्र आवाज झाला आणि क्रीमच्या बारीक गुठळ्या झाल्या. क्रीम म्हणजे पाण्यात धरून ठेवलेली चरबी. खाली पाणी नाही आणि भांडं तापलेलं, तर ती धरून राहत नाही, सुटी होते. त्यालाच आम्ही ‘स्प्लिट’ म्हणतो. हिराजीकाकांचा ‘फाटलं’ हा शब्द जास्त बरोबर आहे.

चूक त्यांची नव्हती. चार जणांसाठी लिहिलेलं पाणी चार जणांच्या भांड्यात पुरतं. एकासाठी ते पुरणार नाही, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“लहान भांडं नाही का?”

“चहाचं हाय.”

चहाच्या पातेल्यात, लहान बर्नरवर, आम्ही परत सुरुवात केली. या वेळी पाणी चाराने भागलं नाही, अर्धा कप घातलं. पेस्ट विरघळून एक उकळी आली की पास्ता. मग मी गॅस बंद करायला लावला.

“बंद? मग शिजंल कसं?”

“क्रीमला शिजवायचं नसतं. नुसतं गरम व्हायचं असतं. आता घाला.”

त्यांनी क्रीम घातलं, हलवलं. सॉस गुळगुळीत, केशरी झाला. पातेलं तिरकं करून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “नाय फाटलं.”

पास्ता एकाचाच होता. त्यांनी दोन ताटल्या काढल्या आणि अर्धा अर्धा वाढला. मी नको म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही.

खाताना मी विचारलं, “काका, भात-आमटी सोपी नाही का? हाच हट्ट का?”

त्यांनी ताटली जरा बाजूला सरकवली. “बायको जाऊन वरीस झालं. तिच्यासारखं कालवन करायला गेलो. पह्यला घास घेतला नि ठेवून दिला. तिचं काय पन केलं का तसंच होतं. तोंडाला लगेच कळतं, का हे तिनं केलेलं नाय. हे तिनं कदी केलंच नव्हतं. हे चुकलं तरी माझं चुकतं.” मग म्हणाले, “पोरगा पुन्याला हाय. बोलतो, दिवाळीनंतर घर बंद कर, हितं ये. तुला चहाशिवाय काय येतं? खोटं नाय बोलत तो. पन मला हितून जायचं नाय.”

मी मान खाली घालून खात होते.

“तुमच्या घरी आवडतं का हे?” त्यांनी विचारलं.

“मी घरी नाही करत.”

ते खरंच होतं. जुईनगरला मी आणि आई राहायचो. आई गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून टेस्ट किचनमध्ये जे उरेल ते डब्यात भरून घरी नेत होते आणि टीव्हीसमोर खात होते. कधी तीन प्रकारचे सॉस, कधी नुसतं सूप. माझ्या गॅसवर सकाळचा चहा सोडून काही होत नव्हतं. एका माणसासाठी काय करायचं, असं म्हणायची सवय लागली होती. रेसिप्याही मी तशाच, एकट्या माणसाला सोडून लिहीत होते.

गुरुवारी मी निखिलसमोर नवीन मजकूर ठेवला. एका माणसासाठी, लहान भांडं, अर्धा कप पाणी, गॅस बंद करून क्रीम.

“मॅडम, चार जणांसाठी लिहिलं की फॅमिली दिसते. एकासाठी लिहिलं तर प्रॉडक्ट उदास वाटतं.”

“तू काल काय जेवलास?”

“ऑर्डर केलं.”

“किती जणांसाठी?”

निखिल कामोठ्याला एकटाच भाड्याने राहतो, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. मी त्याला किचनमध्ये नेलं, कोपऱ्यात पडून असलेला साधा गॅस पेटवला, सगळ्यात मोठी कढई दिली आणि छापील रेसिपी चारने भागून करायला लावली. मी हात लावला नाही. त्याचाही सॉस फाटला. कढईत बघत तो म्हणाला, “एवढं घाणेरडं दिसतं?”

“काकांनी हे अकरा वेळा बघितलं.”

मधला मार्ग निघाला. मागे मोठ्या अक्षरात चार जणांचीच रेसिपी राहिली, पुढचा फोटोही फॅमिलीचाच. बाजूच्या पट्टीवर, बारकोडच्या वर, बारीक टायपात एका माणसाची छापली. मला मोठी हवी होती. मिळाली नाही.

दिवाळीनंतर मी हिराजीकाकांना फोन केला. तक्रार बंद करण्याआधी ग्राहकाला एकदा विचारावं लागतं, असा नियम आहे.

“पोरगा आलेला,” ते म्हणाले. “त्याला करून घातलं. दोघांचं केलं, दोन येगळ्या पातेल्यांत. भीती वाटली ना, एकत्र केलं नि फाटलं तर?”

“मग? काय म्हणाला?”

“बोलला, तिखट हाय. नि सगळं खाल्लं. घर बंद करायचं कायच बोलला नाय. सोमवारी गेला पुन्याला.”

मग ते बराच वेळ बोलत राहिले. वरच्या मजल्यावर नवीन कुटुंब आलंय. लसूण हल्ली सोललेला आणतात. मी ऐकत होते. शेवटी म्हणाले, “चला, तुमचं काम खोळंबलं असंल.”

काही खोळंबलं नव्हतं. तरी मी “हो” म्हणाले.

स्क्रीनवर ‘ग्राहक समाधानी’ निवडलं आणि तक्रार बंद केली. तक्रार बंद झाली की सिस्टिम ग्राहकाचा नंबर लपवते. आम्हाला परत दिसत नाही. नियम चांगला आहे. घर मला माहीत आहे, पण टेस्ट किचनच्या बाईने काही कारण नसताना कोणाच्या दारात जाऊन काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

कामात मात्र एक बदल केला. आता प्रत्येक रेसिपी मी एकदा जुईनगरच्या गॅसवर करते, एकाच्या मापाने, आणि ताटात वाढून घेऊन खाते. पहिल्या महिन्यात माझ्या पाच जुन्या रेसिप्या नापास झाल्या. रेसिपी कुठे छापली जाणार हे सगळे विचारतात. ती कोणाच्या स्वयंपाकघरात शिजणार, हे आधी विचारावं.